बसणं आणि उठणं

"आज बसायचं का?" असं मराठीत एका मित्रानं दुसऱ्याला विचारलं, की कुठल्या खुर्चीवर, हा प्रश्न कुणी विचारत नाही. पेला, चखणा आणि लांबत जाणाऱ्या गप्पा हे सगळं त्या एका क्रियापदात आलेलं असतं. जपानी माणसानं हेच क्रियापद दुकानाच्या नावात घेतलं. 'साकाया' म्हणजे साके विकणारं दुकान. त्याच्या आधी 'इ' लावला, म्हणजे असणं, ठाण मांडून राहणं, की झालं 'इझाकाया'. जुन्या एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, लोक साके मापानं विकत घेत आणि घरी नेत. पुढं काही दुकानांनी गिऱ्हाइकाला तिथंच बसून प्यायची मुभा दिली, सोबत उकडलेलं-भाजलेलं काहीबाही ठेवायला सुरुवात केली, आणि अठराव्या शतकात या बसण्याचं एक स्वतंत्र दुकान झालं. 1811 साली एदोतल्या खाण्यापिण्याच्या दुकानांची मोजदाद झाली, तेव्हा इझाकाया भरली 1,808.

मला या जागेबद्दल लिहायचंय ते मात्र एका विशिष्ट वेळेपुरतं. नाटकाला जाण्याआधीचा सव्वा तास. ज्या जागेच्या नावातच बसणं आहे, तिथं उठायची वेळ आधी ठरवून बसायचं. वरवर पाहता हा त्या जागेवर अन्यायच. पण नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी युराकुचोच्या रेल्वेपुलाखाली मी तशी बसले, आणि तेव्हापासून मला वाटतं की इझाकायाची खरी घडण याच घाईच्या वेळी दिसते.

आधी वेळेचं गणित सांगायला हवं, कारण ते सहज जुळत नाही. गिंझातल्या काबुकी-झा या नाट्यगृहात संध्याकाळचा खेळ साधारण साडेचारला सुरू होतो. बरीचशी इझाकाया उघडतात पाचला. म्हणजे अख्खा खेळ बघणाऱ्याला आधी बसणं शक्यच नाही. तो मध्यंतरात, आपल्या खुर्चीवरच, डबा उघडतो. या डब्याचं नाव 'माकुनोउची', म्हणजे दोन पडद्यांच्या मधलं. एदोच्या काळी श्रीमंत प्रेक्षक नाट्यगृहाला लागून असलेल्या चहाघरांतून जेवण मागवत, आणि साध्या प्रेक्षकाला 'काबेसु' म्हणत: 'का' काशीचा, म्हणजे गोड खाऊचा, 'बे' बेंतोचा, म्हणजे डब्याचा, 'सु' सुशीचा. आजही तोक्योत कुठल्याही दुकानात मिळणारी 'सुकेरोकु' सुशी एका काबुकी नाटकाच्या नायकाच्या नावानं ओळखली जाते. त्याच्या प्रेयसीचं नाव आगेमाकी. डब्यात तळलेल्या टोफूच्या पिशवीतली सुशी असते, तिच्यातला 'आगे', आणि गुंडाळलेली असते, तिच्यातला 'माकी'. म्हणजे डब्यात असते ती प्रेयसी आणि झाकणावर नाव नायकाचं. नाटक आणि पोट यांची इतकी जवळीक मला फार आवडते. आपल्याकडे शिवाजी मंदिरातल्या मध्यंतराच्या बटाटेवड्यानं प्रेक्षकांच्या कितीतरी पिढ्यांच्या आठवणीत नाटकाच्या बरोबरीनं जागा मिळवली, ती काही उगाच नाही.

पण काबुकी-झामध्ये आणखी एक सोय आहे, आणि माझी संध्याकाळ तिच्यामुळं साधली. चौथ्या मजल्यावर, अगदी छताखाली, एकच अंक बघण्याची जागा असते. तिला 'हितोमाकुमी' म्हणतात. काबुकीच्या एका खेळात बहुतेक वेळा तीन-चार वेगवेगळ्या नाटकांतले तुकडे असतात. कुणाला त्यातला एकच बघायचा असेल तर तेवढ्यापुरतं स्वस्त तिकीट काढून वर जाता येतं. आम्ही शेवटचा तुकडा निवडला होता, 'कान्जिन्चो'. तो सातच्या सुमारास सुरू होणार होता. पाच ते सव्वासहा आमचे होते.

'आम्ही' म्हणजे मी आणि माझी कॉलेजातली मैत्रीण. ती बरीच वर्षं निशी-कसाईला राहते. तोक्योच्या त्या भागात इतके भारतीय आहेत की भाजीच्या दुकानात मराठी कानावर पडायचं नवल वाटत नाही. युराकुचो स्टेशनबाहेर ती भेटली. वर विटांच्या कमानींवरून गाड्या धावतात आणि कमानींच्या पोटात दुकानं आहेत. हा पूल आणि स्टेशन 1910चं, आखणीत फ्रान्झ बाल्ट्झर या जर्मन इंजिनिअरचा मोठा हात. आम्ही ज्या दुकानात शिरलो तिथली वीट इतक्या वर्षांच्या धुरानं जांभळट काळी झालेली. दारावर तांबडा कंदील. आत नऊ-दहा माणसांपुरता लाकडी कट्टा आणि पलीकडे निखाऱ्यांवर वाकलेला मालक. त्याला 'ताइशो' म्हणायचं, म्हणजे सेनापती. दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावरून गाडी गेली की कट्ट्यावरचा सोया सॉसचा बुधला किंचित थरथरायचा. वरचं शहर वेळेवर पळतंय आणि त्याच्या खाली आपण बसलोय, हे त्या थरथरण्यातून सारखं कळत राहायचं.

मैत्रिणीनं बसता बसता ताइशोला एक वाक्य सांगितलं: सातला शिबाई आहे. शिबाई म्हणजे नाटक. त्यानं वर न बघता मान हलवली. एवढंच. पुढच्या सव्वा तासात त्या एका मान हलवण्याचा अर्थ हळूहळू उलगडत गेला.

हात पुसायला गरम ओला रुमाल आला, आणि त्याच्या मागोमाग प्रत्येकी एक इवलीशी वाटी, जी आम्ही मागवली नव्हती. हिला तोक्योत 'ओतोशी' म्हणतात, ओसाका-क्योतोकडे 'त्सुकिदाशी'. बिलात तिचे 300 ते 500 येन लागतात. न मागितलेल्या पदार्थाचे पैसे कसे, म्हणून परदेशी पाहुणे अनेकदा नाराज होतात. मला ती नाराजी पटत नाही. ओतोशी म्हणजे 'आत पोचवली': तुमची मागणी स्वयंपाकघरात गेली, तोवर हे घ्या. नांदी कुणी मागवत नाही. ती होते, आणि तिच्यामुळं प्रेक्षक प्रेक्षक होतो. त्या दिवशीच्या वाटीत वाळवलेल्या मुळ्याच्या काड्या होत्या, तळलेला टोफू आणि गाजराच्या सळ्या घालून शिजवलेल्या. मुळा उन्हात वाळला की त्याचा उग्रपणा जातो आणि एक दाट, जुनी गोडी येते. आपल्या उन्हाळी वाळवणांच्या डब्याला झाकण उघडताच येणारा वास असतो ना, त्याच्या कुळातली. चार घासांत वाटी संपली. पोट भरलं नाही, तोंड जागं झालं.

भरतानं नाट्यशास्त्रात रस म्हणजे काय हे सांगताना दाखला दिला तो जेवणाऱ्याचा. निरनिराळी व्यंजनं मिसळून शिजवलेलं अन्न खाताना मन प्रसन्न असलेला माणूस जशी चव घेतो, तशी प्रेक्षक भावांची चव घेतो. आपण रस हा शब्द नाटकाकडून इतका शिकलो की तो आधी ताटातून आला होता हे विसरून जातो. आणि त्या दाखल्यातली एक अट मला नेहमी महत्त्वाची वाटते: खाणारा 'सुमनस' हवा. तडस लागलेला माणूस सुमनस नसतो. भुकेनं कावलेलाही नसतो. नाटकाआधीच्या खाण्यानं नेमकं या दोघांच्या मधे आणून सोडायला हवं.

इथं इझाकाया इतर जेवणापेक्षा सरस ठरतं. थाळी अर्धी टाकून उठता येत नाही, उठलं तर अन्नाचा अपमान. जपानी औपचारिक जेवण, ज्याला काइसेकी म्हणतात, त्याचा क्रम ठरलेला. तो मधेच तोडता येत नाही. इझाकायातलं खाणं मात्र सुट्या तुकड्यांचं असतं, आणि प्रत्येक तुकडा आपल्यापुरता पुरा असतो. कुठल्याही तुकड्यानंतर उठा, काही अपुरं राहिलं असं वाटत नाही. मला बसल्या बसल्या जाणवलं, की चौथ्या मजल्यावरचं ते एका अंकाचं तिकीटही याच रीतीचं. बाकीचं नाटक न बघता एक अंक बघणं आणि बाकीची यादी न मागवता एक काडी भाजून घेणं, यांच्या मागची समज एकच: तुकडा चांगला घडवला असेल तर तो अख्ख्याची भीक मागत नाही.

काडी म्हणजे बांबूची, कोंबडीचे तुकडे ओवलेली. याकितोरी. आमची पहिली होती 'नेगिमा': मांडीच्या मांसाचे तुकडे आणि मधे मधे जाड पांढऱ्या पातीच्या कांद्याची बोटभर पेरं. प्रत्येक काडीला विचारतात, मीठ की 'तारे'. तारे म्हणजे सोया सॉस, गोड मिरिन आणि साखर आटवून केलेला गडद रस. मिठात लपायला जागा नाही, मांस आणि निखारा दोघंही उघडे पडतात. तारेमध्ये सगळं चकचकीत, गोडसर, लाघवी होतं. नेगिमा मिठातली घ्यावी असं माझं ठाम मत झालंय, कारण पातीचा गाभा निखाऱ्यावर सायीसारखा होतो आणि त्याची गोडी तारेच्या गोडीखाली बुडून जाते. उलट 'त्सुकुने', म्हणजे खिम्याची वळलेली मुटकी, तारेमध्येच शोभते.

ताइशो मधेच नवा कोळसा घालायचा. हा 'बिंचोतान', किशू भागातल्या, म्हणजे आजच्या वाकायामातल्या, उबामे नावाच्या ओकपासून केलेला. तो इतका कडक भाजलेला असतो की दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर धातूसारखे वाजतात. धूर जवळजवळ नाही, ज्वाळा नाही, नुसती स्थिर धग. तो आवाज मी मनात ठेवला. तासाभरात दुसऱ्या एका ओकचा आवाज ऐकायचा होता.

नोव्हेंबर म्हणून गिंकोच्या बिया होत्या. तोक्योच्या रस्त्यांवर गिंकोची झाडं पिवळी होतात त्याच दिवसांत त्या येतात. काडीवर ओवून भाजल्या की पाचूसारख्या हिरव्या दिसतात, दाताखाली चिकट, आणि मागं एक बारीक कडवटपणा. मैत्रीण मांसाहार करत नाही. तिच्यासाठी या बिया, शिताके अळंबी, वांग्यावर गोड मिसो फासून भाजलेलं देंगाकु. शाकाहारी माणसाला इझाकायात खायला बरंच मिळतं. सांभाळायचं ते वरवर साध्या दिसणाऱ्या रश्श्यांना, कारण त्यांच्या मुळाशी बहुधा वाळवलेल्या कात्सुओ माशाचं पाणी असतं. ओतोशीचा मुळाही त्याच पाण्यात शिजलेला असायची शक्यता होती, म्हणून तिची वाटी तिनं माझ्याकडं सरकवली होती.

साके आम्ही एकच 'गो' घेतली, म्हणजे 180 मिलिलिटर, कोमट करून. बीअर टाळली. ती पोटात जागा अडवते आणि नाटकात मधेच उठायला लावते. मातीचा छोटा बुधला आणि दोन अंगठ्याएवढे पेले. इथला रिवाज असा, की आपला पेला आपण भरायचा नाही, समोरच्याचा भरायचा. म्हणजे आपल्याला प्यायचं असेल तर आधी दुसऱ्याच्या पेल्याकडं लक्ष हवं. इतक्या लहान पेल्यांचं कारण मला त्या दिवशी उमगलं. मोठा ग्लास असता तर तासात एकदा लक्ष दिलं तरी भागलं असतं. दोन घोटांचा पेला सतत रिकामा होतो, आणि सतत एकमेकांकडं बघायला लावतो. आम्ही कितीतरी वर्षांनी भेटत होतो. तिच्या आईच्या आजारपणाबद्दल ती काही बोलली नाही, मी विचारलं नाही. तिचा पेला रिकामा झाला की मी भरत होते.

पाऊण तास झाला तेव्हा ताइशोनं 'ओदेन' या रश्श्याच्या पदार्थातली मुळ्याची एक जाड चकती आमच्यापुढं ठेवली, रश्श्यात तासन् तास मुरलेली, कडेला मोहरीचा झणझणीत ठिपका. ही मी मागवली होती, पण सुरुवातीला. त्यानं ती आतापर्यंत मागं ठेवली होती. सुरुवात वाळलेल्या मुळ्यानं झाली आणि शेवट ओल्या मुळ्यानं होतोय, हे त्यानं जुळवलं होतं का, मी विचारलं नाही. काड्या रिकाम्या करून आम्ही बांबूच्या नळकांड्यात टाकत होतो. त्यात आता सात होत्या. यादीत खाली 'ओचाझुके' दिसत होतं, भातावर गरम चहा किंवा रस्सा ओतून खायचा प्रकार. बैठकीचा शेवट अशा भातानं किंवा शेवयांनी करायचा असतो. त्याला 'शिमे' म्हणतात, गाठ मारणं. मागवू का, असं मी म्हणणार तोच ताइशोनं दोन पेले गरम चहा समोर ठेवला. कुणी मागवला नव्हता. भिंतीवर सहा वाजून बारा मिनिटं झाली होती. न बोलता तो म्हणाला होता: उठा.

युराकुचोहून काबुकी-झापर्यंत चालत पंधरा मिनिटं. सुकियाबाशीचा चौक, मग गिंझाचा मुख्य चौक, तिथं 1932 सालच्या इमारतीवरचं घड्याळ, मग पुढं रस्ता किंचित उतरतो आणि उजेडात न्हालेलं ते पांढरं दर्शन समोर येतं. काबुकी-झा पहिल्यांदा उघडलं 1889 साली. आग, भूकंप, बॉम्ब या सगळ्यातून ते पुन्हा पुन्हा उभं राहिलं. आताचं, केन्गो कुमा यांच्या हातचं, 2013मध्ये उघडलं, पण दर्शनी भागाचा चेहरा आधीच्या इमारतीचाच राखला. नोव्हेंबर हा 'काओमिसे'चा महिना. एदोत नटांचे करार वर्षाचे असत आणि या सुमारास नव्या वर्षाची मंडळी प्रेक्षकांना तोंड दाखवत. आत खालच्या तीन मजल्यांवरच्या खुर्च्या 1,808. एदोतल्या इझाकायांचा आकडा तोच. निव्वळ योगायोग, पण मला तो जपून ठेवावासा वाटला.

वर गेलो. बसलो. खाली काळ्या, तांबूस आणि हिरव्या पट्ट्यांचा पडदा. आपल्याकडं तिसऱ्या घंटेची सवय. इथं दोन लाकडी दांडके एकमेकांवर आपटतात, आधी संथ, मग घाईनं, मग आणखी घाईनं, आणि त्या लयीवर पडदा सरकत जातो. हे दांडके ओकचेच, शिराकाशी नावाच्या. ताइशोच्या कोळशाचा नाद मी मनात ठेवला होता, त्याच्याच भाऊबंदांतला हा, अजून न जळलेला.

'कान्जिन्चो' सातव्या इचिकावा दान्जूरोनं 1840 साली पहिल्यांदा केलं. मूळ नोह नाटकाचं. मागं फक्त रंगवलेलं पाइनचं झाड. भावाच्या रोषामुळं पळणारा योशित्सुने हमालाच्या वेशात, त्याचा सेवक बेंकेइ आणि बाकीचे भिक्षू बनून आताकाच्या नाक्यावर येतात. नाकेदार तोगाशी म्हणतो, मंदिराची वर्गणी मागत हिंडताय तर वर्गणीचा मसुदा वाचून दाखवा. बेंकेइजवळ मसुदा नाही. तो कोरी गुंडाळी उलगडतो आणि ती वाचतो. पुढं हमालाबद्दल संशय येतो, तेव्हा तो आपल्याच धन्याला काठीनं मारतो. सेवकानं धन्यावर हात उगारणं म्हणजे काय हे तोगाशीला कळतं. त्यानं सगळं ओळखलेलं असतं. आणि तो त्यांना जाऊ देतो. ओळखलं असं एका शब्दानंही न सांगता. आता मरण आपल्या माथी येणार, हे मनात धरून तो चेहरा वर उचलून आत जातो. चौथ्या मजल्यावरून तो चेहरा करंगळीच्या नखाएवढा होता, तरी दिसला.

मग तोगाशी परत येतो, उद्धटपणाची भरपाई म्हणून साके घेऊन. बेंकेइ पेला बाजूला सारतो आणि लाखेनं रंगवलेल्या मोठ्या पिंपाचं झाकण उचलून तेच पुढं करतो. नाक्यावरचे शिपाई ओततात, तो पितो. पुन्हा ओततात. हा प्रसंग अनेकदा हसू आणणारा होतो, आणि प्रेक्षक हसतही होते. पण त्याच संध्याकाळी मी अंगठ्याएवढ्या पेल्यांतून तेच केलं होतं. आपला पेला आपण भरत नाही. ज्यानं ओळखलं आणि जाऊ दिलं त्याच्याच हातून हा माणूस पितोय, आणि दोघंही त्याबद्दल काही बोलत नाहीत. शेजारी मैत्रीण पुढं झुकून कठड्यावर हनुवटी टेकून बघत होती.

पिऊन बेंकेइ नाचतो, आणि नाचता नाचता हातानं साथीदारांना खुणावतो: निघा. ते निघतात. मग पडदा ओढला जातो आणि बेंकेइ पडद्याच्या अलीकडे, प्रेक्षकांतून जाणाऱ्या हानामिची या वाटेवर, एकटा उरतो. वाकून कृतज्ञता व्यक्त करतो. मग एका पायावर झेप, मग दुसऱ्या, हात फाकून, प्रत्येक झेपेसरशी अख्खी वाट दणाणवत तो निघतो. आमच्या जागेवरून हानामिचीचा रंगमंचाजवळचा तुकडाच दिसत होता. दोन झेपांत तो आमच्या पायाखाली गेला. उरले फक्त दणके, खालून वर येणारे, आणि शेवटी वाटेच्या टोकाशी पडद्याच्या कड्यांचा एक लखलखीत झंकार.

टाळ्या थांबल्या तरी आम्ही थोडा वेळ बसून राहिलो. जिने उतरून रस्त्यावर आलो तेव्हा साडेआठ होत आले होते आणि हवा चांगलीच गार झाली होती. मैत्रिणीनं मफलर गुंडाळला, युराकुचोच्या दिशेनं बघितलं.

"अगं, शिमे राहिलंय," ती म्हणाली.